आधी बाप जगू द्या

(वाकोल्यातल्या युवकांच्या बैठकीतलं भाषण)



आपल्या लोकांना शिक्षणाची गोडी नाही, असं पांढरपेशे म्हणतात. मी म्हणतो, आधी आमच्या मरणाचा हिशेब मांडा.

शिकणं म्हणजे आज पोटाला चिमटा घेऊन उद्यासाठी पेरणं. ज्याला उद्याचाच भरवसा नाही, तो पेरील कशाला? १९११ ते १९२१ या दशकात, प्लेग आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या तडाख्यात, या देशातल्या माणसाचं सरासरी आयुर्मान वीसेक वर्षं होतं. १९५१ च्या सुमारास ते ३२ झालं. आता सत्तरीला टेकलंय.

श्रीलंकेत १९४६ ते १९५३ या काळात बाळंतपणातली मरणं झपाट्यानं घटली. पोरगी जगणार हे दिसलं, तसे आईबाप तिला जास्त शिकवू लागले. आयुर्मान एका वर्षानं वाढलं की मुलींचं शिक्षण सुमारे एक दशांश वर्षानं वाढलं, असं जयचंद्रन आणि लेरास-मुनी या अर्थतज्ज्ञ बायांनी २००९ साली दाखवलं.

पण सरासरी लबाड असते. नऊ राज्यांच्या आकड्यांवरचा अभ्यास २०२२ साली आला. सवर्ण हिंदूंपेक्षा दलितांचं आयुर्मान तीन वर्षांहून, आदिवासींचं चार वर्षांहून कमी. गरिबी वजा केली तरी फरक पुरता पुसत नाही. जात आयुष्यही कापते!

महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नाही. म्हणून काय झालं? आपली गटारं बघा. लाड-पागे समितीमुळं सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्या नोकरीला मी नावं ठेवत नाही, चूल तिच्यावरच पेटते. पण बाप अकाली गेला की पोराच्या हातातली वही सुटते, झाडू येतो. माझ्या वर्गातला एक पोरगा बारावीतून असाच उठला. कलिन्याचं विद्यापीठ वाकोल्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. त्याला ते सात समुद्रांपार!

२०१३ साली कायदा झाला. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या, लेकरांना शिष्यवृत्ती द्या, असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. ते घेऊच, भांडून घेऊ. पण ती मेल्यानंतरची किंमत आहे.

आयुष्य वाढेल तेव्हा शिकू, असंही कुणी म्हणू नका. बाबासाहेबांची पाचातली चार लेकरं लहानपणीच गेली. तरी १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी केली, दुसऱ्यांच्या लेकरांसाठी.

म्हणून पोरांनो, शाळा सोडू नका. आणि मागणी एकच नको, दोन्ही हव्यात : गटारात माणूस उतरणार नाही, आणि वस्तीतलं पोर शाळेतून उठणार नाही. आम्हाला 'शिका' म्हणणाऱ्यांनी आधी आमचे बाप जगू द्यावेत.

जय भीम!