वेदनेच्या प्रयोगशाळेंतील माणसें

ताप मोजावयास पारा आहे, रक्ताचा दाब मोजावयास पट्टा आहे, हाड मोडलें तर त्याचें छायाचित्र घेतां येतें. परंतु सोलापुरांतील कोणत्याहि दवाखान्यांत दिवसभर जो शब्द पुनःपुन्हा कानीं पडतो, त्या 'दुखतंय' या शब्दाचें माप घेणारें साधन मात्र डॉक्टरांच्या मेजावर नसतें. शहराच्या पूर्वभागांतील विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन, मान खालीं घालून तासन् तास बसते. तिच्या मानेचें दुखणें छायाचित्रांत उमटेलच असें नाहीं. यंत्रमागापाशीं पाळीभर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या पोटऱ्यांत रात्रीं गोळे येतात. रक्ताच्या तपासणींत त्यांचा मागमूसहि लागत नाहीं. मग "विशेष कांहीं नाहीं" असा निर्वाळा मिळतो, आणि दुखणें घेऊन आलेलें माणूस त्याच्या जोडीला आणखी एक ओझें घेऊन घरीं परततें. आपल्या सांगण्यावर कोणाचा विश्वास बसला नाहीं, हें तें ओझें.

जें दुसऱ्याला दिसत नाहीं व हातानें चाचपतां येत नाहीं, त्याचें शास्त्र करावयाचें तरी कसें? हा प्रश्न ज्यांनीं आपला मानला अशीं माणसें गेल्या सव्वाशें वर्षांत निरनिराळ्या विद्यापीठांत होऊन गेलीं. त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. कारण या शास्त्राचें पहिलें उपकरण पुष्कळदां संशोधकाचें स्वतःचें शरीर हेंच होतें.

लंडनमधील डॉ. हेन्री हेड यांच्याकडे मज्जातंतूंना इजा झालेले रोगी येत. त्यांना टाचणी टोंचून "काय वाटतें?" असें विचारावें, तर ते बिचारे थकलेले आणि भ्यालेले. आपल्या संवेदनेचें बारकाईनें वर्णन करण्याचा सराव त्यांना कोठून असणार? तेव्हां रोगी आपणच व्हावें असें हेड यांनीं ठरविलें. २५ एप्रिल १९०३ रोजीं, वयाच्या ४१ व्या वर्षीं, त्यांनीं आपल्या डाव्या हाताच्या त्वचेकडे जाणारे मज्जातंतु एका शस्त्रवैद्याकडून तोडून घेतले व त्यांचीं टोकें रेशमी धाग्यानें पुन्हा शिवून घेतलीं. हात अर्थातच कांहीं भागांत बधिर झाला. ती बधिरता कशी ओसरते, कोणती संवेदना आधीं परतते व कोणती मागून, हें त्यांना पाहावयाचें होतें.

पाहणारा मात्र दुसरा हवा होता. ते काम केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजांत राहणारे डॉ. विल्यम रिव्हर्स यांनीं पत्करलें. आठवड्याचें रुग्णालयाचें काम आटोपून हेड लंडनहून केंब्रिजला जात, रिव्हर्स यांच्या खोलींत डोळे मिटून बसत आणि हात पुढें करीत. रिव्हर्स त्या हातावर कधीं कापसाचा पुंजका फिरवीत, कधीं टाचणी टेकवीत, कधीं ऊन किंवा थंड पाण्याची नळी लावीत आणि उत्तर टिपून घेत. हा क्रम चार वर्षें चालला. हातावरचे केस काढलेले, डोळे मिटलेले आणि स्नेही टाचणी घेऊन समोर बसलेला! मैत्रीची अशी कसोटी क्वचितच लागत असेल.

त्यांना आढळलें तें विलक्षण होतें. कांहीं आठवड्यांनीं टाचणीची वेदना परत येऊं लागली, परंतु ती ओबडधोबड होती. टोंचलें एका जागीं तर कळ उठे भलतीकडेच. ती पसरे, आणि हात झटकन मागें घ्यावा असें होई. हलका स्पर्श ओळखण्याची व टोंचल्याची नेमकी जागा सांगण्याची शक्ति पुष्कळ उशीरां आली, आणि ती आल्यावर ही रानटी वेदनाहि सौम्य झाली. यावरून त्यांनीं १९०८ मध्यें दोन प्रकारच्या संवेदनांचा सिद्धान्त मांडला. तो पुढें जसाच्या तसा टिकला नाहीं. विल्फ्रेड ट्रॉटर व मॉरिस्टन डेव्हिस या दोघां शस्त्रवैद्यांनीं स्वतःचे मज्जातंतु तोडून घेऊनच १९०९ मध्यें त्याला हरकत घेतली! शास्त्रांतले वाद इतक्या प्रामाणिकपणें क्वचितच लढले जातात.

पुढची पिढी यंत्राकडे वळली. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्क येथें कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेंत जेम्स हार्डी, हॅरल्ड वुल्फ आणि हेलन गुडेल या तिघांनीं दिव्याची उष्णता भिंगांतून कपाळावर पाडण्याची एक योजना केली. उष्णता सारखी शोषली जावी म्हणून कपाळ काजळीसारख्या रंगानें काळें करीत. मराठींत तोंड काळें करण्याला निराळा अर्थ आहे, परंतु या तिघांनीं तें स्वखुषीनें आणि वारंवार केलें, कारण प्रयोगाला बसणारे मुख्यतः तेच होते. तीन सेकंद उष्णता द्यावयाची आणि ऊब संपून वेदना कोठें सुरू होते तें सांगावयाचें. त्यांनीं वेदनेचें एक परिमाणहि ठरविलें. त्याला 'डोल' असें नांव दिलें आणि साडेदहा डोल ही कमाल मर्यादा धरली. या मापानें प्रसूतीच्या कळाहि मोजण्याचा प्रयत्न झाला व तो १९४९ मध्यें प्रसिद्ध झाला. दोन कळांच्या मध्यें बाईच्या हाताला चटका द्यावयाचा आणि "हें अधिक कीं तें अधिक?" असें विचारावयाचें, ही त्याची रीत होती. तिच्यांत शास्त्र असेल, पण तारतम्य होतें असें म्हणवत नाहीं.

डोल चालला नाहीं. त्याचें कारण हार्वर्डचे डॉ. हेन्री बीचर यांच्या युद्धकाळांतील निरीक्षणांत सांपडतें. दुसऱ्या महायुद्धांत इटलींतील आघाडीवर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना ते विचारीत, "वेदनेवर औषध हवें काय?" सुमारें तीन-चतुर्थांश सैनिकांनीं नको म्हणून सांगितलें. हें त्यांनीं १९४६ मध्यें लिहून ठेविलें आहे. त्यांच्या मतें त्या जखमेचा अर्थ सैनिकाला सुटका असा होता. आतां घरीं जावयास मिळणार होतें. तेवढीच जखम शहरांतील एखाद्या गृहस्थाला झाली तर तिचा अर्थ बुडालेला रोजगार असा होतो. प्रयोगशाळेंतल्या चटक्यांत ना ही सुटका, ना ती धास्ती. मग त्या चटक्यानें खऱ्या दुखण्याचें माप निघावें कसें?

येथून वाट शब्दांकडे वळली. मॉन्ट्रिअल येथील मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक यांनीं पॅट्रिक वॉल यांच्यासह १९६५ मध्यें एक सिद्धान्त मांडला. पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत वेदनेच्या वाटेवर जणूं एक दार असतें, आणि स्पर्शाचे संदेश किंवा मेंदूकडून येणारे हुकूम तें कमीअधिक लोटूं शकतात, असा त्याचा मथितार्थ. पडलेल्या मुलाचा गुडघा आई चोळते आणि मूल थोडें शांत होतें, यांत हेंच घडतें. सिद्धान्ताच्या तपशिलांत पुढें दुरुस्त्या झाल्या, मुख्य कल्पना राहिली. परंतु मेल्झॅक यांचें दुसरें काम अधिक साधें आणि कदाचित् अधिक मोलाचें आहे. पाय कापून टाकलेल्या एका बाईला नसलेल्या पायांत भयंकर वेदना होत, आणि त्यांचें वर्णन करतांना तिच्या तोंडून जे शब्द निघत ते ते टिपून ठेवीत. हा संग्रह वाढत गेला आणि १९७५ मध्यें त्यांतून एक प्रश्नावली तयार झाली: ७८ शब्द, २० गटांत लावलेले. कांहीं शब्द वेदना कशी आहे तें सांगतात, कांहीं तिनें मनाचें काय केलें तें. रोग्यानें आपला शब्द निवडावा, संशोधकानें तो मानावा.

ज्याला शब्दच नाहींत त्याचें काय? तान्ह्या मुलांना वेदना फारशी कळत नाहीं या समजुतीनें विसाव्या शतकांत बराच काळ त्यांच्यावर अगदीं जुजबी भूल देऊन शस्त्रक्रिया होत. इंदूरच्या महाविद्यालयांत वैद्यक शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनीं १९८७ मध्यें दाखवून दिलें कीं अकालीं जन्मलेल्या बालकांना पुरेसें वेदनाशामक दिलें असतां शरीरावरील ताण कमी होतो व शस्त्रक्रियेनंतरचा धोकाहि घटतो. मुलें बोललीं नव्हतीं. त्यांच्या रक्तानें साक्ष दिली. वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०२० मध्यें आपली व्याख्या सुधारली, तेव्हां तिच्या टिपांत दोन गोष्टी स्पष्ट नोंदविल्या: माणूस सांगतो त्या वेदनेचा मान राखावा, आणि सांगतां येत नाहीं म्हणून वेदना नाहीं असें समजूं नये.

परंतु सोलापुरांतील अडचण तिसरीच आहे. येथें शब्द आहेत, आणि ते विपुल आहेत. मराठी माणसाचा दांत ठणकतो, गळूं ठसठसतें, डोळ्यांत खुपतें, ओली जखम चरचरते, तळपाय भगभगतात, कमरेंत चमक भरते, पाठींत उसण भरते, पोटांत मुरडा येतो, हात भरून येतात आणि पायांना मुंग्या येतात. यांतील प्रत्येक शब्दांत निदानाचा थोडा अंश आहे. मुंग्या म्हटलें कीं जाणत्या डॉक्टराचें लक्ष मज्जातंतूकडे जातें, ठणका म्हटलें कीं पुवाकडे. "दुखतंय" या एका शब्दावर हें सर्व भांडार रचून ठेवलें कीं तें हरवलेंच. आणि पूर्वभागांतील घरांतून तर हें भांडार तेलुगूंत आहे. तेथें दुखणें म्हणजे 'नोप्पी' आणि जळजळ म्हणजे 'मंट'. अक्कलकोटकडून आलेला शेतकरी जळजळीला कानडींत 'उरी' म्हणेल. १९६३ पासून या शहरांत वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि दूरदूरच्या गांवांतील तरुण तेथें शिकावयास येतात. त्यांतल्या एखाद्याला या तीन भाषांतील दुखण्याचे शब्द एका वहींत उतरवून घेण्यास मॉन्ट्रिअलला जाण्याचें कारण नाहीं. खर्च फक्त वहीचा. शिकवावयास प्राध्यापकहि नकोत. वॉर्डांत वर्षानुवर्षें काम करणारी आया आणि रोग्याच्या उशाशीं बसलेली त्याची आई, या दोघींपाशीं ते शब्द आहेत.