लाज सोडा, जीव राखा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरी भाषा मला येत नाही. पण जे समजून घेतले ते साध्या शब्दांत सांगते.

तोंडाचा कर्करोग म्हटला की आपण पुरुषांच्या तंबाखूला नावे ठेवतो. पण आपली मिश्री म्हणजे तरी काय? भाजलेली तंबाखूच ती! आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे मुख्य कारण तेच.

घशाच्या कर्करोगाला मात्र आणखी एक कारण आहे. एच.पी.व्ही. नावाचा विषाणू. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ह्याच्यामुळे होतो, आणि जिभेच्या मुळाशी व टॉन्सिलमध्येही हाच रोग उठवतो. तो स्त्री-पुरुषसंबंधातून येतो. बहुतेकांच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्यांच्या अंगात राहतो व कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. तो केव्हा आला हे संसारी बाईला कळतही नाही. तेव्हा आजारी बाईच्या चालीबद्दल कुजबुज करणे हे पाप आहे.

वेळेवर तपासणी केल्याने काय साधते, हे आपल्या शेजारीच दिसले. आपल्या बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचे टाटा हॉस्पिटल यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या बायकांची ह्या विषाणूसाठी एकदाच तपासणी केली. आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली ते जगभर प्रसिद्ध झाले. त्या बायका आपल्यासारख्याच खेड्यापाड्यांतल्या. त्या लाजून घरी बसल्या असत्या तर?

घशासाठी अशी तपासणी अजून नाही. तेथे आपणच सावध राहायचे. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गिळताना दुखणे, बसलेला आवाज, मानेत न दुखणारी गाठ. यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. पोरींना ९ ते १४ वयात ह्या विषाणूची लस द्यावी. २०२२ पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीलाही मान्यता आहे.

भगिनींनो, हळदीकुंकवाला जमतो तेव्हा साड्या-दागिन्यांबरोबर एकमेकींना एवढेही विचारू या : "मिश्री सुटली का? तपासून आलीस का?" आणि जिला एकटीने जायला संकोच वाटेल, तिच्यासोबत आपल्यापैकी एकीने बार्शीच्या एस.टी.त बसावे.