कानांनी अडवलेली वाट



आज नर्सिंगची पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो, आत येताना बाहेरच्या टेबलावर तुमच्यासाठी ठेवलेली शुभेच्छापत्रं पाहिली. बहुतेकांवर यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन आहे. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, असं सांगणारं ते वचन माझ्याही घराच्या भिंतीवर आहे. पण आज रात्री तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. ते बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे. त्यांना घरी परतायचं होतं आणि दोन वर्षांत परताल, असं सांगणारा हनन्या नावाचा एक संदेष्टाही होता. यिर्मयाने सत्तर वर्षं सांगितली. तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात कैदी म्हणून आलात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं त्याने लिहिलं. ते पत्र ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण बाबेलच्याच मातीत गेले असणार. हिताचा संकल्प सांगितला होता तो त्यांनाच. आपण मात्र ते वचन मनातल्या इच्छेला जोडतो आणि इच्छा पुरी झाली नाही की वचनावर रुसतो.

तुमच्यातल्या कित्येकांनी पुढचं ठरवून ठेवलंय, हे मला ठाऊक आहे. कुणी इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास लावलाय, कुणाला आखातात जायचंय, कुणाला आयसीयूच हवंय. हवं असणं हे पाप नाही. मला ऑपरेशन थिएटर हवं होतं. मिळाला पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, आणि तिथे माझी एकोणीस वर्षं गेली. पण आज मला माझ्यापेक्षा पंडिता रमाबाईंविषयी बोलायचंय, कारण त्यांनाही आपल्याच क्षेत्रात यायचं होतं.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. वय पंचवीस, पती आदल्याच वर्षी वारलेले, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सनी त्यांना आसरा दिला आणि तिथेच मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांना ऐकू कमी येत होतं. ज्याला रुग्णाच्या छातीतला आवाज नीट ऐकू येत नाही त्याला डॉक्टर कसं करणार? वैद्यकीय शिक्षणाचा दरवाजा बंद झाला. तिथून त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात गेल्या, स्वतः शिकल्या, इतरांना संस्कृत शिकवलं.

त्याच सुमारास अमेरिकेत त्यांच्या नात्यातली एक मुलगी वैद्यकशास्त्र शिकत होती, आनंदीबाई जोशी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली आणि तो समारंभ पाहायला रमाबाई अटलांटिक ओलांडून गेल्या. आज मी या खुर्च्यांकडे पाहते तेव्हा मला त्या सभागृहात बसलेल्या रमाबाई दिसतात. जे आपल्याला मिळालं नाही ते आपल्याच माणसाला मिळताना पाहायला समुद्र ओलांडून जायचं आणि मनापासून आनंद मानायचा! विश्वास म्हणतात तो मला तिथे दिसतो. वर्षभराच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ला, आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या. वय एकवीस. कोल्हापूरच्या दवाखान्यातलं पद त्यांची वाट पाहत होतं. हे असं का झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. बायबलच्या आधाराने ते उत्तर कुणी तुम्हाला चटकन देऊ लागलं, तर त्याच्यापासून जरा सावध राहा.

रमाबाईंचं पुढचं काम तुम्हाला माहीत आहे. ११ मार्च १८८९ला, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झाली त्या तारखेला, मुंबईत त्यांनी शारदा सदन ही मुलींची शाळा उघडली. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर मुक्ती ही संस्था उभी राहिली. उपासमार रमाबाईंना पुस्तकातून कळलेली नव्हती. मागच्या मोठ्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेले होते. देवाने या कामासाठी त्यांची माणसं नेली, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण भुकेल्या मुलीचा चेहरा ओळखणारे डोळे त्यांच्याकडे होते आणि ते देवाच्या कामी आले, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते.

आणि तरीही त्यांच्या सगळ्या इच्छा शेवटी सावकाश पुऱ्या झाल्या, असं समजू नका. मनोरमेने आपल्यामागे मुक्ती सांभाळावी, ही त्या आईची आशा होती. मनोरमाबाई जुलै १९२१मध्ये, चाळिसाव्या वर्षी गेल्या. तेव्हा रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणत होत्या, खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत. लेक गेल्यावर ते काम त्यांनी पुन्हा हातात घेतलं आणि पुरं केलं. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते त्यानंतर.

आता एक गोष्ट माझी. सांगायला आजही जड जाते. मी तेवीस वर्षांची होते, नाईट ड्युटी होती. पहाटे एका आईचा तरुण मुलगा गेला. चादर ओढली आणि मी तिला म्हणाले, ‘‘मावशी, देवाची इच्छा.’’ तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. मग मुलाच्या पायावरची चादर सारखी करत बसली. त्या नजरेनंतर ते दोन शब्द मी कुणाच्याही खाटेशी उच्चारले नाहीत. देवाची इच्छा हे शब्द स्वतःच्या दुःखाविषयी, गुडघ्यांवर असताना, म्हणायचे असतात. दुसऱ्याच्या दुःखावर ते ठेवायला आपल्याला कुणी नेमलेलं नाही. तिथे पाणी द्यावं, खुर्ची ओढून शेजारी बसावं, नातेवाइकांना फोन लावून द्यावा.

प्रभू येशूनेही गेथशेमानेत आधी स्वतःला काय हवं ते सांगितलं. दुःखाचा प्याला टळावा, असं त्याने उघड मागितलं. एकदा नाही, तीनदा मागितलं, आणि घाम गाळत मागितलं. पित्याच्या इच्छेला तो वश झाला तो हे मागणं गिळून नव्हे, ते पित्यापुढे पुरतं मांडून.

पाळकसाहेब आता प्रार्थनेला उभे राहतील. डोळे मिटले की घाईने ‘तुझी इच्छा’ म्हणू नका. आधी तुमची सांगा. दुबई हवी असेल तर दुबई म्हणा, लग्न हवं असेल तर लग्न म्हणा, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हावं असं वाटत असेल तर तेही बोला. सगळं बोलून झालं की थोडं थांबा. पाळकसाहेब, तेवढा वेळ आमेन म्हणू नका, ही माझी तुम्हाला विनंती आहे.