थांबायचं कुठं?

(महिला गटांच्या निवासी शिबिरात केलेलं भाषण)



आम्ही नऊ जणी पुण्याहून पंढरपूरला सायकलने गेलो असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. किती किलोमीटर झाले? आणि बरोबर पुरुष कोण होतं? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. कुणी नव्हतं. सगळा प्रवास सांगत बसत नाही, फलटण ते म्हसवड हा एकच दिवस सांगते. आपल्या कामाचं त्यात पुष्कळ आहे.

पालखीचा रस्ता फलटणहून बरड, नातेपुते असा जातो. आपले गट माण तालुक्यात, म्हणून आम्ही तो सोडून दहिवडीकडे वळलो. अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. फेब्रुवारी महिना, म्हणजे गळिताचा हंगाम. कडेला ऊस, आणि रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. ते मागून आले की डांबर सोडून खडीत उतरायचं, गेले की पुन्हा वर चढायचं. मग मोगराळे घाट. सात जणींच्या सायकली साध्या, बिनगियरच्या, घरच्याच. त्या घाटात चालवायच्या नसतात, ढकलायच्या असतात. एकीची चेन तीनदा उतरली. आमच्यातली सगळ्यांत मोठी, ५८ वर्षांची निवृत्त अंगणवाडी सेविका, सगळ्यांच्या आधी वर जाऊन दगडावर बसली होती.

घाट संपला की माणचा पर्जन्यछायेचा मुलूख लागतो. ऊस संपतो, आणि आडोसाही संपतो. हसताय, पण त्या दिवसाची खरी अडचण हीच होती. उघडा माळ, मधूनच एखादी बाभळ, आणि दर दहा मिनिटांनी मोटारसायकल. पुरुष गाडी लावतो आणि पाठ फिरवतो. आम्ही तिघी ओढण्या धरून उभ्या राहायचो, चौथी मागे बसायची. एकीची पाळी सुरू होती. पंपावर संडास होता, त्याला कुलूप होतं, आणि किल्ली मालकाकडे होती. मालक गावाला गेलेला. पंपावर वापरता येईल असा संडास हवा हे तेल कंपन्यांच्या नियमातच आहे, पण नियम भिंतीवर आणि किल्ली खिशात.

मग बाई काय करते? पाणी कमी पिते. शेतावर जाणारी, एस.टी.ने जाणारी, ऊसतोडीला जाणारी, सगळ्या हेच करतात. समोरून वारा, डोक्यावर ऊन, आणि बाटलीत पाणी असून घोटभरच प्यायचं. दुपारी दोघींच्या पोटऱ्यांत गोळे आले. त्याला कोणी थकवा म्हणेल. मी आडोशाचा अभाव म्हणते. मुंबईत २०११ साली संघटनांनी ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू केली तेव्हा काहींना ती शहरी बायकांची हौस वाटली होती. त्यांना या माळावरून एक दिवस चालवत न्यावं.

पंक्चर तर होणारच होतं, वेड्या बाभळीचा काटा. ट्यूब काढली, घमेल्यात पाणी घेऊन बुडबुडा शोधला, कानस मारली, सोल्युशन लावलं. तोवर भोवती सात-आठ पुरुष. ‘द्या इकडं ताई’, ‘असं नाय, तसं’, आणि एकाने विचारलं, ‘मालक मागनं येत्यात का?’ आमच्यातल्या एकीने सांगितलं, मालक मीच आहे, पावती दाखवू का?

गोंदवल्याच्या पुढे एका वस्तीवर पाणी मागितलं. तिथली तेरा-चौदा वर्षांची मुलगी सायकलीच्या सीटवरून हात फिरवत होती. बस म्हटलं, तर आजी म्हणाली, ‘आता मोठी झाली ती.’ याच तालुक्यातल्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, आणि इथं पोरगी सायकलीला मोठी झाली! घरात सायकल होती. भावाची. तिला दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन अडकवायचे हूक होते. पाणी सायकलीवरून आणायचं तेव्हा भाऊ जातो, डोक्यावरून आणायचं तेव्हा ती जाते. मला त्या दिवसातलं हे सगळ्यांत जास्त लागलं. चाक आलं की काम पुरुषाचं होतं, आणि चाक नसलं की बाईचं.

हे असंच राहतं असं नाही. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेतच बायकांना सायकल शिकवायला घेतली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथे कलेक्टर होत्या. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, नर्सबाया, सगळ्या शिकल्या. पी. साईनाथांनी त्यावर लिहिलं आहे. पुष्कळ बायकांनी पुरुषांची सायकल पसंत केली, कारण तिच्या मधल्या दांडीवर पोराला बसवता येतं. पाणी, भाजी, पोरं, सगळं त्यांनी चाकावर घेतलं. टिंगल झाली, घाणेरडं बोलणंही झालं. त्या थांबल्या नाहीत.

म्हसवडला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. गटातल्या बायका वाट बघत होत्या. जेवणाआधीच एकीने विचारलं, ‘शिकवाल का?’ अंधार होता तेच बरं, बघायला कोणी नव्हतं. शाळेच्या पटांगणात आम्ही मागून कॅरिअर धरून पळालो. पाच जणी बसल्या, एकीला तोल सापडला. बाकीच्यांचे गुडघे फुटले, आणि त्यांनी पुढची तारीख मागितली.

ती तारीख आपल्याला द्यायची आहे. सायकली कमी आहेत. कुणाच्या घरी पडून असेल तर उद्या दुपारपर्यंत नाव लिहून द्या. बावीस इंची मिळाली तर जास्त बरं, साडीवालीचे पाय टेकतात. ब्रेक नसले तरी चालेल, ते आम्ही बसवू.