एप्रनचा ‘न’ कुठे गेला?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत आजचा विषय ‘इंग्रजी शब्दांच्या मनोरंजक व्युत्पत्ती’ असा छापला आहे. त्यातलं ‘मनोरंजक’ संयोजकांचं. मी कळवलेला विषय होता ‘चुकांचं राज्य’. काल इथे मधुमेहावर व्याख्यान झालं आणि त्याला मागे उभं राहायलाही जागा नव्हती, असं मघाशी मला चहा देताना प्रेमाने सांगण्यात आलं. चहा बिनसाखरेचा होता. (हशा)

शाम्पू, बंगला, लूट, ठग हे शब्द आपल्याकडून तिकडे गेले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती यादी हल्ली सुविचाराखाली रोज सकाळी फोनवर येते, म्हणून ती सोडतो. पण ज्या कोशातून अशा याद्या निघतात, त्या यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या कोशाचं नाव सोडवत नाही. ‘हॉब्सन-जॉब्सन’. वाटतं, गोऱ्यांची एखादी कंपनी असेल. तसं नाही. मोहरमच्या मिरवणुकीत ‘या हसन, या हुसेन’ असा आक्रोश चाले, तो गोऱ्या शिपायांच्या कानांना असा ऐकू आला. म्हणजे एवढा मोठा कोश, आणि त्याच्या पुठ्ठ्यावरच कानाची चूक! आपले शिपाईही काही कमी नव्हते. पहाऱ्यावरच्या ‘हू कम्स देअर’चं त्यांनी ‘हुकुमदार’ केलं आणि ‘रिक्रूट’चा ‘रंगरूट’. फिट्टंफाट झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि गेली तीस वर्षं मी ते घरच्यांना ऐकवतोय, आज तुम्ही सापडलात. भाषा पंडित घडवत नाहीत. अर्धवट ऐकणारे, भलतीकडे तोडणारे, आपल्यासारखे लोक घडवतात. अध्यक्ष महाराज हसताहेत. त्यांनी मला आठवीत ‘आशीर्वाद’ पन्नास वेळा लिहायला लावला होता. त्याचा आजच्या विषयाशी काही संबंध नाही. (हशा) अगदीच नाही असंही नाही.

आता एप्रन. आपण डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटालाही एप्रन म्हणतो, पण मूळचा तो स्वयंपाकघरातला, कमरेला बांधायचा. लॅटिनमध्ये ‘माप्पा’ म्हणजे हात पुसायचं फडकं. फ्रेंचांनी ‘म’चा ‘न’ केला आणि टेबलावरच्या कापडाला ‘नाप’ म्हणू लागले. लहान कापड ते ‘नापरों’. १४व्या शतकातल्या इंग्रजीत ते ‘नॅप्रन’ झालं. एक नॅप्रन म्हणजे ‘ए नॅप्रन’. आता हेच भरभर म्हणा. म्हणा ना, लाजू नका. (सभागृह म्हणते.) ऐकलंत? ‘न’ कुणाचा, हे कानाला कळत नाही. लोकांनी तो अलीकडच्या ‘ए’ला देऊन टाकला. ‘अ‍ॅन एप्रन’! शेजाऱ्याच्या बांधावरचं झाड सरकून आपल्या सातबाऱ्यावर यावं, तसा तो ‘न’ सरकला. नॅपकिनने मात्र आपला ‘न’ सोडला नाही. तो एप्रनचा सख्खा भाऊ. आणि भिंतीवरचा मॅप, म्हणजे नकाशा? तोही त्याच ‘माप्पा’चा, जगाचं चित्र कापडावर काढत म्हणून. एकाच फडक्याची ही सगळी लेकरं.

उलटंही झालं. ‘ईक’ म्हणजे जादा, आणखी. मूळ नावावर आणखी एक नाव ते ‘अ‍ॅन ईक-नेम’. इथे ‘न’ पुढे सरकला आणि झालं ‘निकनेम’. संत्र्याचं म्हणाल तर थोडी दुरुस्ती करतो. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, आपलं नारिंग, स्पॅनिश नारांखा, सगळ्यांत ‘न’ शाबूत आहे, ऑरेंजमध्ये नाही. पण तो इंग्रजांनी गाळला नाही. इंग्लंडच्या किनाऱ्याला लागण्याआधीच, फ्रेंच-इटालियन तोंडांत तो गळाला होता. जिथे साहेबाची चूक नाही, तिथे नाही म्हणावं.

आणि अंपायर! हा माझा लाडका. ‘पेर’ म्हणजे जोडीचा, बरोबरीचा. ‘नॉनपेर’ म्हणजे जो जोडीत बसत नाही तो, विषम, तिसरा. दोघांचं जुळेना, तर तिसऱ्याला बोलवा. इंग्रजीत आला ‘ए नूम्पेर’ आणि तोच सरकासरकीचा खेळ होऊन झाला ‘अ‍ॅन अंपायर’. हे मला कोशात सापडलं तेव्हा आमच्या आळीचे सायकलवाले काका डोळ्यांपुढे उभे राहिले. वरची आळी विरुद्ध खालची आळी, रबरी चेंडू, वर्गणी प्रत्येकी चार आणे. वरच्यांचा अंपायर खालच्यांना चालायचा नाही, खालच्यांचा वरच्यांना. शेवटी चौकात पंक्चर काढत बसलेल्या काकांना ओढून आणलं. काकांनी जन्मात बॅट धरलेली नव्हती. क्रिकेटची अक्कल शून्य, हीच त्यांची पात्रता. हात ग्रीसने काळे, बोट वर केलं तरी दिसायचं नाही. त्या दिवशी शेवटची ओव्हर, दोन धावा हव्या, आमच्या पोराने हाणला, चेंडू उंच गेला, विहिरीच्या काठावर त्यांच्या एकाने झेलला की नाही झेलला, तेवढ्यात हातातून निसटून विहिरीत. डुब्! एक म्हणे झेल झाला, दुसरा म्हणे सिक्सर. दगड उचलले गेले. सगळे काकांकडे वळले आणि काका…

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. अहो, अजून मी प्रस्तावनेत आहे!

(श्रोत्यांतून: ‘आयलंड’मधला एस पंडितांनीच घुसवला ना?)

घुसवला. कबूल. जुना शब्द ‘ईगलंड’सारखा होता, त्यात ‘स’चा पत्ता नाही. विद्वानांना वाटलं, हा लॅटिन ‘इन्सुला’चा नातेवाईक, म्हणून त्यांनी एस चिकटवला. तुम्हाला वाटतंय मला पेचात पकडलं. पण साहेब, तो एस कुणी उच्चारतं का? कागदावर पंडितांनी डाव साधला, तोंडाने त्यांना दाद दिली नाही. पोरं मात्र चारशे वर्षं स्पेलिंगसाठी छड्या खाताहेत. (टाळ्या) टाळ्या वाजवू नका, वेळ जातो.

पंडितांची चूक एकाकी असते. १९३४च्या वेब्स्टरच्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ असा शब्द छापला गेला, अर्थ घनता. असा शब्द कुणी कधी बोललंच नव्हतं. घनतेसाठी ‘मोठा डी किंवा छोटा डी’ वापरतात, अशी टिपणाची चिठ्ठी होती. इंग्रजीत ‘डी ऑर डी’. कुणीतरी ती एका दमात वाचली. पाच वर्षांनी, १९३९ साली, संपादकांच्या लक्षात आलं आणि तो शब्द पुढे काढून टाकला. शिकल्यासवरल्या माणसांची चूक, एवढ्या जाडजूड कोशात छापलेली, तरी जगली नाही. एप्रनची जगली, कारण ती गावाने केली होती.

आता पळतो. ‘पीज’ हा मटारचा एकवचनी शब्द होता, शेवटच्या ‘ज’मुळे लोकांना तो अनेकवचन वाटला, म्हणून एका दाण्याचा ‘पी’ झाला. आपण उलट केलं. ‘मॅचेस’ हे अनेकवचन, तरी टपरीवर आपण ‘एक माचिस’ मागतो. हॅम्बर्गरमध्ये हॅम नाही, हॅम्बुर्ग शहर आहे, पण लोकांनी ‘हॅम’ वेगळा काढला आणि उरलेल्या ‘बर्गर’मध्ये आपण बटाटा घातला. हेलिकॉप्टर तोडायचं असेल तर ‘हेलिको’ आणि ‘प्टेर’ असं तोडा. मळसूत्री आणि पंख. त्या पंखाचं मूळ आपल्या ‘पत्’ धातूशी जुळतं, ज्याच्यापासून पतंग. पण लोकांनी भलतीकडेच सुरी चालवून ‘हेलि’ कापला. मंत्री येणार म्हटल्यावर शाळेच्या मैदानात चुन्याने आखतात तो हेलिपॅड या चुकीच्या तुकड्यावर उभा आहे, आणि आजवर एकही हेलिकॉप्टर तेवढ्यासाठी परत गेलेलं नाही. अ‍ॅडमिरल राहिला, अरबी ‘अमीर-अल’, म्हणजे ‘…चा सरदार’. कशाचा, ते वाटेत सांडलं. तोही…

दिवे लावायला सांगितलेत का? बरं. थांबतोच. अध्यक्षांचं समारोपाचं भाषण आहे आणि ते शुद्ध असणार. (हशा)

(श्रोत्यांतून: काकांनी निकाल काय दिला?)

हां! राहिलंच. काका विहिरीत वाकून बघत बसले. क्रिकेटमधले दोनच शब्द त्यांच्या कानांवर पडलेले होते. ते सरळ उभे राहिले, काळे हात झटकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ‘नो बॉल!’ बॉलच नाही, तर कसला झेल आणि कसली सिक्सर? दोन्ही आळ्या गप्प. दगड खाली पडले. दुसऱ्या दिवशी वर्गणी काढून चेंडू आणला आणि तोच बॉल पुन्हा टाकला. आमच्या आळीत पुढे कितीतरी वर्षं चेंडू हरवला की पोरं ‘नो बॉल’ ओरडायची, आणि कुणालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटायचं नाही.