शिंगराचे खूर आणि दात



दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना आपण काय करतो? ओठ वर करून दात बघतो, वय ठरवतो. पण घरी आणल्यावर त्याच तोंडात पुन्हा कोणी डोकावत नाही. पुढं शर्यतीत पळवायचं शिंगरू असेल, तर हे चालणार नाही. शिंगरू लगाम घेईना, मान झटकू लागलं, की आपण त्याला हट्टी म्हणतो आणि चाबूक उचलतो. चाबूक खाली ठेवा. आधी तोंड बघा, पाय बघा.

घोड्याचे दुधाचे पुढचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीनं पडतात. त्याच काळात पुढच्या दाढाही बदलतात. म्हणजे आपण पळायला शिकवतो, तेव्हाच त्याच्या हिरड्या दुखत असतात. काही शिंगरांना पहिल्या दाढेपुढं हरभऱ्याएवढा बारीक दात येतो. लगामाची कडी तिथं टोचते. तो लगाम घालण्याआधीच डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळं वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्या दाढांना आतून धारदार कडा येतात. गाल आणि जीभ कापते. अर्धवट चावलेले गवताचे बोळे तोंडातून पडणं, शेणात अख्खे दाणे दिसणं, तोंडाला घाण येणं, या खुणा ध्यानात ठेवा. पाच वर्षांचा होईपर्यंत दर सहा महिन्यांनी पशुवैद्याला तोंड दाखवा. दाढा कानशीनं घासणं हे त्यांचंच काम. घरी करू नका.

आता खूर. तो महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. कापला नाही तर टोक लांबतं, पायाच्या मागच्या शिरेवर ताण येतो आणि पळताना जनावर अडखळतं. दीड-दोन महिन्यांच्या शिंगराचे पाय नालबंदाला दाखवायला सुरुवात करा. पाय वाकडा पडत असेल तर तो लहानपणीच सुधारतो. नाल मारला असेल तर झिजला नसला तरी चार ते सहा आठवड्यांनी काढून, खूर घडवून पुन्हा बसवावा.

रोज खूर उचलून टाचेकडून टोकाकडं माती-शेण काढा. तळातून काळा, घाणेरड्या वासाचा चिकटा येत असेल तर खूर कुजतो आहे असं समजा. पागेतली ओल काढा, खाली कोरडं गवत पसरा. खिळा रुतला तर उशीर न करता डॉक्टरांना बोलवा. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो आणि झाला तर बहुतेक जनावर हाताचं जातं. म्हणून त्याची लस आधीच टोचून घ्या.

रोज खूर साफ, महिना-दीड महिन्यानं नालबंद, सहा महिन्यांनी दात. एवढं सांभाळलंत तर चाबकाचं काम फारसं उरणार नाही.