सतराव्या वर्षीची चूक

भरतीच्या चारित्र्य पडताळणीत जुन्या गुन्ह्याचा रकाना आला की पेन थबकतं. समजा, चिखलीच्या एका पोराने 17व्या वर्षी मोटारसायकल चोरली आणि बाल न्याय मंडळात तो दोषी ठरला. 2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 सांगतं, या दोषामुळे त्याला अपात्र धरायचं नाही; अपिलाची मुदत सरली की नोंदही नष्ट करायची. हे घरच्यांना क्वचितच कुणी सांगतं! 16 वर्षांवरच्या मुलाने केलेल्या निर्घृण गुन्ह्यात बाल न्यायालयाने दोषी धरलं, तर मात्र ही सवलत नाही.

आणि प्रौढांचं? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाने 2018मध्ये काही जुन्या नोंदी आपोआप झाकणारा कायदा केला. आपल्याकडे प्रौढांसाठी तशी सोय नाही.